मासळीच्या पुडक्याचा दोरा

१

समन्स घेऊन गेलं की माणूस घरात नसतो, त्याच्या चपला मात्र असतात. बारामतीच्या कोर्टात अठ्ठावीस वर्षं बेलिफी करून म्हस्कूतात्यांनी एवढं एकच शास्त्र कमावलं होतं. त्यामुळे कुणाच्याही दारात लूना उभी केली की ते आधी खाली बघत आणि मग वर. वर बघून कधी फारसा उपयोग झाला नव्हता.

गणपती उठून आठवडा झाला होता. साल सत्त्याण्णव. शनिवारी सकाळी तात्या कळंबला दादासाहेबांच्या दारात उतरले, तेव्हा उंबऱ्याशी टायरच्या जाड वहाणा होत्या, बाईमाणसाच्या झिजक्या चपला होत्या आणि पोरीचे शाळेचे बूट होते. पोरीच्या रोजच्या चपला तेवढ्या नव्हत्या.

"छकुली बाहेर गेली वाटतं?" तात्यांनी सहज विचारलं.

दादासाहेब ओसरीवर बसले होते. गडी पहिलवानी अंगाचा, पण त्या सकाळी कुणी नुसतं बोट लावलं असतं तरी पडला असता. "तात्या, कालधरनं न्हाय ती," ते म्हणाले. "मी उसाला पाण्याची दारं धराया गेलो, नवाला माघारी आलो तर घर मोकळं. दप्तर हाय, बूट हायती. पोरगी न्हाय."

तात्यांच्या हातातला कागद हातातच राहिला. कागदावर लिहिलं होतं, सोमवारी अकरा वाजता मुलीस समक्ष हजर करावे. भानगड तशी साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. छकुली, म्हणजे कागदावरची राजलक्ष्मी, चौदा वर्षांची. ती तीन वर्षांची असताना तिच्या आईची, मुक्ताबाईची, भिगवणच्या जोतीरामाशी काडीमोड झाली. मुक्ताबाईनं दादासाहेबांशी पाट लावला आणि पोरगी आईच्या कडेवर बसून कळंबला आली. दोन वर्षांमागं मुक्ताबाई तापानं गेली. आता जोतीराम म्हणत होता, आई गेली, तर पोर बापाची. दादासाहेब म्हणत होते, मग मी अकरा वर्षं कोण होतो?

मागच्या तारखेला पोरीला गोवर आल्यामुळे तिला नेता आलं नव्हतं. तेव्हाच जजसाहेबांनी बजावलं होतं, पुढच्या वेळी मुलगी दिसली नाही तर तुम्ही तिला लपवता आहात असं धरून चालू. म्हणजे सोमवारी अकराच्या आत छकुली सापडली नाही, तर दादासाहेबांची लेक कायमची गेली.

"काल चौकीत सांगितलंय, त्येबी शोधत्यात," दादासाहेब म्हणाले. "पर मला ठावं हाय, त्या जोतीरामानंच नेली."

तात्यांनी घर बघून घेतलं. खुंटीला ट्रॅक्टरची किल्ली होती. तिला लोकरीची, गोल, टच्च विणलेली दोरी बांधली होती. दप्तराचा तुटलेला पट्टा तशाच दोरीनं जोडला होता. तात्या स्वतः मेंढक्याच्या घरातले, शेळगावचे. त्यांनी वीण लगेच ओळखली. "ही तर गोफणीची. चार पदरी."

दादासाहेबांच्या तोंडावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. "मुक्ता गेली तवा पोरीची येणी कोण घालणार? मला एवढी एकच वीण येती, आमच्या आज्यानं शिकवलेली. तीच घातली केसाची. शाळंत पोरी हसल्या पयल्या दिवशी. मग त्याच घरी यायला लागल्या, काका, आमाला बी घाला म्हणून! छकुलीचे केस निसरडे, म्हणून शेवटाला एक गाठ मारली तर सुटती. मी एकावर एक दोन मारतो. आता तीबी जे घावंल त्येची वीण घालती. दोरा दिसला की हात गप बसत न्हाय तिचा."

खिडकीजवळ एका तारेला घरातले कागद टोचलेले होते. विजेचं बिल, शाळेची पावती, कारखान्याचं पत्र. तात्यांनी ते एकदा चाळले, परत एकदा चाळले. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी स्वतः आणून दिलेली, जोतीरामाच्या पत्त्यासकटची नोटीस त्यात नव्हती.

ते काही बोलणार, तेवढ्यात आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. दादासाहेबांची बहीण साखरबाई पदर तोंडाला लावून दारात उभी होती.

"कुणाला शोधताय?" ती म्हणाली. "मीच घालवली तिला!"

२

साखरबाईची जीभ म्हणजे नवा विळा. चारा कापताना बोटंही कापायची. पण विळ्यालाही रडू येतं, हे तात्यांनी त्या दिवशी पाहिलं.

"गुरुवारी सांजंला बोलून गेले, तात्या. म्हणलं, जा बाई सोमवारी तुज्या बापाकडं, आमच्या दादाच्या जिवाचा घोर तरी संपंल. दादा दोन म्हयनं जेवत न्हाय धड. मला त्येचं वाईट वाटतं म्हणून बोलले."

"मग? रडली पोरगी?"

"रडली असती तर बरं झालं असतं. भाकरी थापत हुती, थापत ऱ्हायली. मग मला इचारलं, आत्या, त्यो दिसतो कसा?"

"कोण?"

"बाप तिचा. मी म्हणलं, मी काय बघितलाय?"

तात्यांनी कागदावर दादासाहेबांची सही घेतली. ती नेहमी सरळ यायची, आज वाकडी आली. बाहेर पडताना ते म्हणाले, "दादासाहेब, काल दिवसभर कुठं हुता?"

"हितंच. शोधत हुतो." हे म्हणताना दादासाहेबांनी नजर खाली घातली, आणि ते तात्यांना आवडलं नाही.

३

भिगवणला जोतीरामाच्या मच्छी खानावळीसमोर तात्यांचं चपलांचं शास्त्र कोलमडलं. हमरस्त्यावरची खानावळ, येणारा-जाणारा पाय धुऊन आत बसत होता. दारात पंचवीस-तीस चपला. त्यात काय बघणार, कप्पाळ!

जोतीराम गल्ल्यावरून उठून धावतच आला. माणूस उंचेला, बोलका, पांढऱ्याशुभ्र शर्टातला. रागावला की त्याची डावी भुवई एकटीच वर चढायची.

"बेलीफसाहेब, तुमी आला बरं झालं! त्या दादासाहेबानं माझी पोर लपवली. काल पोलीस इचारून गेलं, तवाच वकिलांना फोन केला. माझ्या माणसानं सोताच्या डोळ्यानं बघितलंय, काल दुपारी त्यो शेळगावच्या माळावर मेंढरांच्या वाड्याकडं गेला. हातात घोंगडं, फडक्यात भाकरी. कुणासाठी हो?"

तात्यांना दादासाहेबांची ती खाली गेलेली नजर आठवली. दादासाहेबांनीच लपवली असली, तर सोमवारी त्यांना कुणी वाचवू शकणार नव्हतं.

"तुमी पोरीला शेवटचं कवा बघितलं?" तात्यांनी विचारलं.

जोतीरामानं खिशातून फोटो काढला. गालांचे लाडू, डोक्यावर दोन बुचडे, तीन वर्षांची छकुली. फोटो रोज हाताळून कडांना मऊ पडला होता. "त्येच्यानंतर भेटूच दिलं न्हाय. मीबी आडमुठा, गेलो न्हाय. आता समजतं. पर रक्त हाय माझं. धा हजारात उभी करा, डोळं झाकून वळखीन!"

एक पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. धुरासाठी डोक्याला ओढणी गच्च गुंडाळलेली, हाताला लसणाचा वास. तिनं तांब्या ठेवला आणि जोतीरामाकडे पाहिलं. तिची डावी भुवई जराशी वर गेली आणि खाली आली.

"नकोशी, कांदं संपलं का चिरून?" जोतीराम तिच्याकडे न बघताच म्हणाला. "जा, पळ. साहेब, ही आमच्या रतनच्या माहेरची. कालच आलीय. हात चांगला हाय पोरीचा."

रतन म्हणजे जोतीरामाची बायको. ती चुलीपाशी उभी राहून मासे तळत होती आणि कारण नसताना पदराआड हसत होती. तात्या तिच्याजवळ गेले.

"वैनी, तुमाला काळजी वाटत न्हाय? सवतीची असली तरी लेकरू हाय."

"वाटती की," रतन म्हणाली. "पर पोरीपरास जास्त यांची वाटती." आणि परत हसली. "तात्या, जेवून जावा. न्हाय? मग चिलापी बांधून देते. नकोशी, चार तुकडं बांध गं तात्यांना. नीट बांध."

वर्तमानपत्रात बांधलेलं गरम पुडकं लूनाच्या हँडलला अडकवून तात्या शेळगावच्या वाटेला लागले. मन जड झालं होतं. वाड्यावर पोरगी सापडली तर कागदावर काय लिहायचं, या विचारात त्यांनी दोन खड्डे चुकवायचे सोडून नेमके गाठले.

४

माळावर मेंढरं बसली होती. राखणीला एक म्हातारे आबा होते, दादासाहेबांचे चुलते. दिवस अजून कासराभर वर होता.

"दादासाहेब आलता का काल?" तात्यांनी आडवळण घेतलं नाही.

"आलता की. घोंगडं घिऊन आलता. म्हणला, आबा, पोरगी हिकडं आली का? न्हाय म्हणलं. तवा हितंच बसून लहान लेकरागत रडला. जाताना घोंगडं ठिवून गेला. म्हणला, आलीच तर गारठंल, भाकरीबी असू द्या. कुणाला सांगू नका म्हणला, गडी रडलेला बरा दिसत न्हाय." आबांनी वाड्यातल्या बाजेकडे बोट दाखवलं. घोंगडं घडी घातलेलं, तसंच होतं.

तात्या बाजूला वळले आणि जरा वेळ मेंढरंच बघत बसले. एवढं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मग त्यांना एकदम भूक लागली. "आबा, भाकरी काढा. मासळी हाय."

आबांनी पुडकं घेतलं, दोरा सोडायला लागले आणि थांबले. त्यांनी दोरा डोळ्यांजवळ नेला.

"म्हस्कू, मासळीच्या हाटेलात गोफणीची वीण कोण घालतंय रं?"

साधा पुडक्याचा सुती दोरा होता. पण कुणीतरी त्याचे चार पदर घेऊन, गोल, टच्च वीण घातली होती. आणि शेवटाला एकावर एक अशा दोन गाठी होत्या.

तात्यांनी तो दोरा स्वतःच्या हातात घेतला. आणि मग माळावर मोठ्यानं हसायला लागले. एक मेंढी दचकून उठली.

त्या संध्याकाळी कळंबला जाऊन त्यांनी दादासाहेबांना एवढंच सांगितलं, "जेवा. पोरगी सुखरूप हाय, पोटभर जेवतीय. उद्या सकाळी ट्रॅक्टर काढा. साखरबाईलाबी घ्या. आन वाटंत काय इचारू नका."

दादासाहेबांनी रात्रीचं जेवण दोनदा केलं, असं साखरबाई पुढं सांगायची.

५

रविवारी सकाळी खानावळ अजून उघडायची होती. तात्यांनी दादासाहेब आणि साखरबाईला रस्त्यावर ट्रॅक्टरपाशी थांबवलं आणि स्वतः आत गेले. जोतीराम दाढी करून वकिलाकडे निघायच्या तयारीत होता. रतन चूल पेटवत होती. ओढणीवाली पोरगी लसूण सोलत बसली होती.

"जोतीराम," तात्या म्हणाले, "तुमची लेक सापडली."

"कुठं?"

"हितं. ह्याच छपराखाली. तुमी धा हजारात वळखणार हुता. हितं धाजणबी न्हाईत. वळखा."

जोतीरामाची भुवई वर गेली. क्षणभर त्याला वाटलं चेष्टा आहे, मग त्यानं तात्यांचं तोंड पाहिलं आणि धावला. आतली खोली उघडली. कोठीत डोकावला. बाजेखाली वाकला. पोत्यांच्या मागं बघितलं. परत आला तेव्हा घामाघूम झाला होता. पोरगी उठली, तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. जोतीरामानं तो घटाघट प्यायला आणि रिकामा तांब्या तिच्या हातात दिला.

"सरक गं नकोशी, मधी उभी ऱ्हाऊ नगं," तो म्हणाला. "तात्या, थट्टा करताय व्हय?"

रतन आता हसत नव्हती.

दादासाहेबांना बाहेर दम धरवला नाही. ते दारात आले. पोरगी त्यांच्याकडे पाठ करून तांब्या विसळत होती. डोकं झाकलेलं, तोंड दिसत नव्हतं, अंगावर रतनचं जुनं पोलकं. दादासाहेब जिथं होते तिथंच खाली बसले.

"छकुले," ते म्हणाले, "ओढणी भिजली बघ."

तांब्या खाली पडला. ओढणी सुटली आणि पाठीवर गोल, चार पदरी वेणी आली. शुक्रवारी सकाळी दादासाहेबांनी दारं धरायला जाण्याआधी घातलेली. दोन दिवसांत तिचा एक केस निघाला नव्हता. पोरगी दादासाहेबांच्या गळ्यात पडली. साखरबाई मागून येऊन दोघांच्याही पाठीत रट्टे घालायला लागली आणि घालता घालता रडायला लागली.

मग तात्यांनी, कोर्टात कधी कुणी बोलू दिलं नव्हतं त्याची भरपाई म्हणून, सगळं सावकाश मांडलं.

"पळवून नेलेलं लेकरू पत्त्याचा कागद सोबत नेत न्हाय. तारंवरची नोटीस गेली, तवाच कळलं की पोरगी आपल्या पायानं गेली, आन कुणाच्या दारात गेली तेबी. का गेली, ते साखरबाईनं सांगितलं. त्यो दिसतो कसा, असं पोरीनं इचारलं हुतं. बघायलाच आली ती. हितं आलो तर तुमची डावी भुवई एका पोरीच्या कपाळावर दिसली. मला दिसली, पर मी येडा, काल मनावर घेतलं न्हाय. दादासाहेबावर संशय घिऊन शेळगावला गेलो. तितं पुडकं सोडलं आन तिच्या हातानंच चाडी केली. चार पदर, दोन गाठी. ही वीण शिकवणारा माणूस जगात एकच हाय. आन रतनवैनी, तुमच्या माहेरी मेंढका कुणी न्हाय. तुमाला ठावं हुतं."

"शुक्रवारी दारात उभी ऱ्हायली तवाच वळखलं," रतन म्हणाली. "ती भुवई मी धा वरसं रोज बघतीय. म्या काय बोलले न्हाय. म्हणलं, आज सांजंला वळखतील, उद्या सकाळी वळखतील. दादासाहेब, तुमाला तरास झाला, त्येची माफी मागते. उद्या कोर्टात मीच हात धरून आणणार हुते."

जोतीराम बाकड्यावर बसला होता. हातातला फोटो तो कधी बघत होता, कधी पोरीकडे. "नाव... नाव नकोशी का सांगितलंस?" एवढंच त्यानं विचारलं.

छकुलीनं नाक पुसलं. "रतनमावशीनं इचारलं तवा दुसरं सुचलं न्हाय. दोघं माझ्यावरनं भांडताय, दोघांचं वकील भांडत्यात. मला तेवढं कुणी इचारलं न्हाय. दादा, तूबी न्हाय इचारलंस. उद्या जजसाहेब इचारतील, कुणाकडं ऱ्हाणार? मग बघाया नको का, काय निवडायचं ते?" मग ती जोतीरामाकडे वळली. "तुमचं जेवण चांगलं हाय. गिऱ्हाइकाला उपाशी घालवत न्हाय तुमी. काल त्या म्हाताऱ्याला बसवून जेवू घातलं, ते मी बघितलं. पर मला दोन दिवसांत एकदाबी वर मान करून बघितलं न्हाय."

जोतीरामाला रडायला फार जागा लागत नव्हती. त्यानं तिथंच, बाकड्यावर, फोटो छातीशी धरून रडून घेतलं. दादासाहेब उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी तांब्या भरून पुढं केला.

६

सोमवारी अकराला छकुली जजसाहेबांच्या खोलीत उभी राहिली. एका बाजूला दादासाहेब, दुसऱ्या बाजूला जोतीराम. दारात तात्या होते. बेलिफाचं काम दाराशीच असतं.

जजसाहेबांनी विचारण्याआधीच जोतीराम बोलला. "साहेब, अर्ज मागं घेतो. ज्या लेकीला मी दोन दिस नकोशी म्हणून हाका मारल्या, तिचा ताबा कुठल्या तोंडानं मागू?"

जजसाहेबांनी चष्मा काढला आणि पोरीकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं आहे, राजलक्ष्मी?"

"मी दादाकडं ऱ्हाणार," छकुली म्हणाली. "पर रविवारी भिगवणला जाणार, साहेब. तेवढं लिहून द्या."

"रविवारी का?"

"त्यांना माझी वळख करून द्यायचीय. वेळ लागंल."

जजसाहेबांनी ते तसंच लिहून घ्यायला सांगितलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

हुकमाची नक्कल द्यायला तात्या पुढच्या रविवारी भिगवणला गेले. खानावळ दुपारची बंद होती. सवयीनं त्यांनी आधी खाली बघितलं. टायरच्या वहाणा, साखरबाईच्या झिजक्या चपला, रतनच्या, जोतीरामाच्या आणि मध्ये पोरीच्या. अठ्ठावीस वर्षांत इतक्या चपला असूनही माणसं घरातच आहेत, असं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

आत जोतीराम जमिनीवर मांडी घालून बसला होता. दाराच्या कडीला त्यानं लोकरीचे चार पदर बांधले होते आणि दादासाहेब शेजारी बसून त्याला वीण शिकवत होते. चौथा पदर दर फेऱ्याला निसटत होता. जोतीरामाची भुवई वर चढली होती, पण त्यानं सोडलं नव्हतं.

"तात्या, बसा," तो मान वर न करता म्हणाला. "झालीच."

छकुलीनं ती दोरी हातात घेऊन निरखली. वीण सैल होती, मध्येच पिळली होती, पण शेवटाला दोन गाठी होत्या. तिची भुवई जरा वर गेली. मग ती जोतीरामाकडे पाठ करून त्याच्यापुढं बसली आणि तिनं केस मोकळे सोडले.

"आता हितं घाला," ती म्हणाली. "चुकली तर मी सांगते."